वर्षाला ५,९०० रुपये भरून माइल्सचं कार्ड ठेवावं का?

हिशोबनीस (पुणे)

मंडळी, पुढच्या बिलात कार्डाची वार्षिक फी लागणार आहे. कार्ड ॲक्सिस बँकेचं ॲटलस, म्हणजे खर्चावर माइल्स (प्रवासाला वापरता येणारे गुण) देणारं क्रेडिट कार्ड. फी ५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९००. यावरून घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, एवढ्या पैशांत एखादं तिकीट रोखीनं येतं, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? मला वाटतं कार्ड वसूल होतं. तर जाणकारांनी हिशोब तपासावा.

२०२४-२५ मध्ये कार्डावर माइल्स मिळतील असा खर्च झाला अंदाजे ४ लाख. वीजबिल, विमा, पेट्रोल, घरभाडं, सरकारी भरणा, सोनं यांवर हे कार्ड काहीच देत नाही, म्हणून ते धरलेलंच नाही. या ४ लाखांत विमानं आणि हॉटेलं मिळून १ लाख. प्रवासावर शंभराला ५ माइल्स, बाकी सगळ्यावर २. शिवाय वर्षात ३ लाखांचा टप्पा ओलांडला की वरून २,५००.

प्रवास ५,००० + इतर ६,००० + टप्पा २,५०० = १३,५०० माइल्स.

बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर वापरले तर माइलला रुपया, म्हणजे फी वजा जाता हातात ७,६००. एअर इंडियाकडे वळवले तर एका माइलचे तिथले दोन पॉइंट, म्हणजे २७,००० पॉइंट.

आता दुसरी बाजू. हाच खर्च एसबीआयच्या कॅशबॅक कार्डावर केला असता तर? त्याची फी ९९९ अधिक जीएसटी, पण वर्षाला २ लाख खर्च केले की परत. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का. माझे अडीच लाख ऑनलाइन जातात, दीड लाख दुकानात. १२,५०० अधिक १,५०० म्हणजे १४,००० रुपये. रोख, बिलातून वजा. ना पॉइंटची कटकट, ना सीट शोधायची.

मग माइल्सवाले एवढं कशाच्या जोरावर सांगत फिरतात?

विमानवेडा (ठाणे)

हिशोब नीट मांडलात, धन्यवाद. अर्धे धागे इथेच गंडतात, लोक फी जीएसटीशिवाय धरतात.

तुमचा प्रश्न एका आकड्यावर येऊन थांबतो. कॅशबॅकचे १४,००० आणि ही फी ५,९००, मिळून १९,९००. एवढं मोल २७,००० पॉइंटांतून निघायला हवं. भागाकार करा, ७४ पैसे येतात. तुमचा प्रत्येक पॉइंट ७४ पैशांच्या वर खपला तर माइल्सचं कार्ड पुढे, खाली खपला तर कॅशबॅक पुढे. बाकीची चर्चा याभोवतीच फिरणार.

पॉइंट कितीला खपला हे काढायची रीत सोपी आहे. समजा रोखीचं भाडं ७,००० आहे. तेच तिकीट पॉइंटवर घेतलं तर ७,५०० पॉइंट लागतात आणि वर कर, विमानतळ शुल्क वगैरे १,३०० भरावे लागतात. ७,००० वजा १,३०० म्हणजे ५,७००. भागिले ७,५००. आले ७६ पैसे. म्हणजे जेमतेम पास. पॉइंटचं तिकीट फुकट नसतं, कर तुमच्याच खिशातून जातो. पहिल्यांदा काढताना भल्याभल्यांचा चेहरा पडतो.

आणि हे भाडं कोणतं धरायचं? त्या दिवशी तुम्ही खरोखर जे तिकीट काढलं असतं त्याचं. बिझनेस क्लासचं ३५,००० चं तिकीट पॉइंटवर काढून "माझा पॉइंट दोन रुपयांना गेला" म्हणणारे पुष्कळ भेटतात. रोखीनं काढलं असतं का ते? नाही ना? मग दोन रुपये कुठून आले?

पेठकरीण (पुणे ३०)

एक शंका. ते प्रवासाचे १ लाख तुम्ही कुठे खर्च करता? या कार्डाचे ५ माइल्स फक्त एअरलाइनच्या आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर, नाहीतर बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर मिळतात. मेकमायट्रिपसारख्या ॲपवर काढलंत तर २ च. आमच्या घरी सगळी तिकिटं "तिथे कूपन असतं" म्हणून ॲपवरच निघतात.

हिशोबनीस

बरोबर मुद्दा. स्टेटमेंट काढून बघितलं. थेट एअरलाइनकडे निम्मं, उरलेलं ॲपवर. मग नवा हिशोब असा:

५०,००० वर २,५००, साडेतीन लाखांवर ७,०००, टप्प्याचे २,५००. एकूण १२,०००, वळवले तर २४,०००.

१९,९०० भागिले २४,०००. आता पास व्हायला ८३ पैसे लागतात! नुसती बुकिंगची जागा बदलली तर रेषा ९ पैशांनी वर गेली.

पेठकरीण

तुमचं कूपन किती रुपयांचं होतं तेही धरा. कूपननं ४०० वाचले आणि १०,००० च्या तिकिटावर ३०० माइल्स गेले, तर कोण जिंकलं? तीनशेचे सहाशे पॉइंट, ७५ पैशांनी ४५०. म्हणजे पन्नास रुपयांसाठी आपण इथे पानं भरतोय. (हलके घ्या.)

शून्य_थकबाकी (नाशिक)

सगळ्यांना दंडवत, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. हा सगळा धागा फक्त दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी आहे. एक महिना ४०,००० मागे ठेवले आणि व्याज महिन्याला पावणेचार टक्के असेल, तर १,५०० व्याज आणि त्यावर २७० जीएसटी. १,७७० गेले. वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. वर्षाचा दर ४५ टक्के होतो. एवढं व्याज भरून शंभराला २ माइल्स मिळवणाऱ्यानं या धाग्यावर येऊच नये.

"किमान देय रक्कम" हा बिलावरचा सगळ्यात महागडा आकडा आहे. तो तिथे छापलाय म्हणून भरायचा नसतो.

दुसरं म्हणजे टप्पे. ३ लाखांना २,५०० मिळतात, साडेसात लाखांना आणखी २,५००, १५ लाखांना ५,०००. कार्डाचं वर्ष संपत आलं की माणसं टप्पा गाठायला मिक्सर घेतात. माझ्या मेहुण्यांनी टीव्ही घेतला. जुना चालू आहे अजून, वरच्या खोलीत.

वऱ्हाडी_ठसका (नागपूर)

पुणे-मुंबईवाल्यांचा हिशोब आमच्याकडे लागू होत नाही भाऊ. आमचा प्रवास ठरलेला. दिवाळीत मुंबईची पोरं घरी येतात, मेमध्ये आपण तिकडे जातो. इतर वेळी जे तिकीट ४-५ हजारांत मिळतं ते दिवाळीच्या आठवड्यात तिप्पट होतं. तेव्हा पॉइंट खपवले तर मोल चांगलं निघतं, हे खरं. पण तेव्हा पॉइंटची सीट मिळायला पाहिजे ना? सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. मिळते ती पहाटेची, नाहीतर दिल्लीवरून वळसा घालून जाणारी. नागपूरहून मुंबईला दिल्लीमार्गे जायचं म्हणजे डोक्याला ताप.

तर तिकिटं उघडल्या उघडल्या बघत राहायचं. माझी मुलगी ते काम करते. तिला सवय आहे. मला विचाराल तर गीतांजलीचं आरक्षण बरं.

आणि आमच्याकडून अर्ध्या वेळा इंडिगोच सोयीची पडते. इंडिगोला एअर इंडियाचे पॉइंट चालत नाहीत. आधी घराजवळच्या विमानतळावरून कोण उडतं ते बघा, मग कार्ड बघा.

विमानवेडा

वऱ्हाडीभाऊ, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. इंडिगोचा आता पॉइंटांचा वेगळा ब्लूचिप कार्यक्रम आहे आणि त्याची कार्डंही निघाली आहेत. ज्यांचं सगळं उड्डाण इंडिगोनं होतं त्यांनी तिकडे बघावं.

जुना_प्रवासी (मुंबई, पार्ले)

एअरलाइनच्या पॉइंटांवर भरवसा ठेवणाऱ्या तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास.

किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटचे जेपीमाइल्स साठवून ठेवलेल्यांचे माइल्स नावाला शाबूत राहिले, कार्यक्रमाचं नाव पुढे इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानासाठी साठवले ते विमानच राहिलं नाही. मग १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लबात आले, एकास एक. तिथे नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते विस्ताराच्या कार्डांचं. ॲक्सिसच्या साध्या विस्तारा कार्डाला १,५०० फी होती आणि त्यात वर्षाला इकॉनॉमीचं एक तिकीट यायचं. ३,००० च्या कार्डात प्रीमियम इकॉनॉमीचं. टप्पे गाठले की आणखी. कर आपला, पण तरी काय सौदा होता! अशी कार्डं पुन्हा दिसली नाहीत.

म्हणून माझा नेम एकच आहे, पॉइंट बँकेत ठेवायचे. तिकीट समोर दिसलं, सीट आहे असं बघितलं, की मगच एअरलाइनकडे वळवायचे. एकदा वळवले की परत येत नाहीत. आणि वर्षानुवर्षं साठवायचे नाहीत. आज ७,५०० ला मिळणारी सीट उद्या ९,००० ची होऊ शकते, त्यासाठी कोणी तुमची परवानगी घेणार नाही. बँकेतल्या ठेवीला निदान व्याज लागतं.

बे_एरिया_बंड्या (कॅलिफोर्निया)

वाचतोय, मजा येतेय. इकडचं गणित वेगळं आहे, थोडं लिहितो.

इकडे सगळा खेळ सुरुवातीच्या बोनसचा. कार्ड घेतल्यावर तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की एकरकमी ५०-६० हजार पॉइंट मिळतात, ते रोजच्या खर्चातून गोळा करायला वर्षं जातील. म्हणून इकडची देशी मंडळी बोनस घेतात, वर्ष संपताना फी नसलेल्या कार्डावर उतरतात, पुन्हा नवं कार्ड. चेस बँकेला ते कळलंय, चोवीस महिन्यांत पाच नवी कार्डं काढलेल्याला ती सहसा उभं करत नाही.

दुसरं म्हणजे बॅग. युनायटेडच्या एक्सप्लोरर कार्डाची फी २०२५ पासून १५० डॉलर झाली, आधी ९५ होती. पण तिकीट त्या कार्डानं काढलं की तुमची आणि सोबतच्या एकाची पहिली बॅग फुकट. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवासात ती बॅग आधी पैसे भरले तर ३५ डॉलरला पडायची. दोघं जाऊन आले की १४०. म्हणजे एका फेरीत फी जवळजवळ निघाली, पॉइंट न मोजता. तुमच्याकडे देशांतर्गत तिकिटात १५ किलो साधारण असतातच, त्यामुळे हा फायदा भारतीय कार्डांत दिसत नाही.

जाता जाता, आई-बाबांची भारतातून येतानाची तिकिटं पॉइंटवर काढायची असतील तर एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. सिंगापूर, युनायटेड, एअर कॅनडा यांचे पॉइंट वापरूनही एअर इंडियाची सीट मिळू शकते. दोन-तीन ठिकाणी बघावं. एकाच विमानाची तीच सीट, प्रत्येक दुकानात वेगळा भाव.

मुळशीकर

विमानतळावरच्या लाउंजचं, म्हणजे कार्डावर फुकट बसता-खाता येतं त्या जागेचं, कोणीच बोलत नाही? ॲटलसवर देशांतर्गत ८ आणि परदेशी ४ भेटी आहेत. विमानतळावर दोन इडल्या आणि कॉफी घ्या, ५०० ची नोट मोडते. ८ गुणिले ५०० म्हणजे ४,०००. बरीचशी फी निघाली की!

पेठकरीण

मुळशीकर, तुम्ही विमानतळावर ५०० च्या इडल्या खाता? आम्ही घरून डबा नेतो. ज्यावर आपण खर्चच केला नसता त्याची किंमत जमेला धरायची नाही. मी लाउंजला भेटीमागे १०० रुपये देईन, तेही विमान लेट असेल तर. गेल्या खेपेला लाउंजबाहेर एवढी रांग होती, की आत पोचेपर्यंत बोर्डिंगची घोषणा झाली. दारातल्या यंत्रात कार्ड घासलं, दोन रुपये कापल्याचा मेसेज आला, आणि आम्ही तसेच गेटकडे पळालो. भेट मात्र मोजली गेली.

फुकट ते पौष्टिक हे मान्य. पण ८०० धरा, ४,००० नको.

मुळशीकर

बरं, ८००. 😀 म्हातारे आई-वडील बरोबर असतील तर मात्र मी जास्त धरीन. त्यांना बसायला नीट जागा आणि जवळ स्वच्छतागृह मिळतं, त्याचे पैसे मी रोखीनंही दिले असते.

पेठकरीण

हे पटलं.

सिंगापूर_सहल

आम्ही डिसेंबरात चौघं सिंगापूरला जाणार. हेच कार्ड तिकडे वापरलं तर चालेल ना? शंभराला २ माइल्स तरी मिळतील.

शून्य_थकबाकी

थांबा! परदेशी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १ लाखाच्या खरेदीवर ४,१३० जातात. मिळतात २,००० माइल्स, वळवून ४,००० पॉइंट, ८० पैशांनी ३,२००. दर लाखामागे हजारेक रुपयांचा तोटा सोसून पॉइंट गोळा करणार का?

विमानवेडा

यात एक पोटभेद आहे. हॉटेलचं बिल थेट हॉटेलला दिलं तर ५ माइल्स बसतात. १ लाखावर ५,००० माइल्स, १०,००० पॉइंट, म्हणजे ८,०००. तिथे ४,१३० देऊनही फायदा उरतो. तेव्हा हॉटेल याच कार्डावर, आणि तिथल्या मुस्तफा मॉलमध्ये खरेदी, खाणंपिणं, मेट्रो हे सगळं परदेशी शुल्क नसलेल्या कार्डावर. फेडरल बँकेचं स्कॅपिया आहे, त्याला वार्षिक फी नाही. आयडीएफसीचीही अशी कार्डं आहेत.

आणि दुकानात यंत्र पुढे करून "रुपयात की डॉलरात?" असं विचारलं की डॉलर म्हणायचं. सिंगापूरचा डॉलर. रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून लोक तो दाबतात, आणि तो दुकानदाराकडच्या दरानं लागतो. बँकेच्या दरापेक्षा महाग.

सिंगापूर_सहल

हे माहीतच नव्हतं. मनापासून आभार. आता आमच्या काहीही विचारलं की "हां" म्हणणाऱ्या मंडळींना शिकवून ठेवते, कारण मशीन नेहमी त्यांच्याच हातात असतं.

हिशोबनीस

सगळ्यांचे आभार. घरी कागद घेऊन बसलो. बायकोनं एक वेगळीच ओळ वाढवली ती इथे टाकतो. म्हणाली, तू दोन्ही कार्डं एकमेकांविरुद्ध का मोजतोस? ऑनलाइनच्या अडीच लाखांतली प्रवास सोडून उरलेली दीड लाखाची खरेदी कॅशबॅकवर टाक, तिथे ५ टक्के मिळतात. प्रवासाचा १ लाख थेट बुक करून ॲटलसवर, आणि दुकानातलं दीड लाखही ॲटलसवर, कारण तिथे २ माइल्स, कॅशबॅकवर १ टक्काच.

मांडलं. कॅशबॅककडून ७,५००. ॲटलसवर अडीच लाख, म्हणजे ५,००० + ३,००० = ८,००० माइल्स, १६,००० पॉइंट. पण ३ लाखांचा टप्पा हुकला, २,५०० गेले. आणि कॅशबॅक कार्डावर दीडच लाख झाले, म्हणजे तिथली फी माफीही हुकली, ९९९ वर जीएसटी, १,१७९ गेले. दोन्ही दरडींवर पाय ठेवून मधे पडलो!

पॉइंट ८० पैशांनी धरले तर: १२,८०० + ७,५०० − ५,९०० − १,१७९ = १३,२२१. नुसत्या कॅशबॅकचे १४,००० याच्यापेक्षा जास्त. सगळं ॲटलसवर आणि सगळा प्रवास थेट बुक केला तर २७,००० गुणिले ८० पैसे, वजा ५,९००, म्हणजे १५,७००.

तर १५,७०० विरुद्ध १४,०००. फरक १,७०० चा, तोही पॉइंट ८० पैशांना खपले तर. ७४ ला खपले तर शून्य.

जुना_प्रवासी

तुमच्या सौभाग्यवतींना साष्टांग. धाग्यावर त्यांनाच आणा.

१,७०० रुपयांसाठी वर्षभर सीट शोधत बसणं हा ज्याचा छंद आहे त्यानं करावं. विमानवेड्याला त्यात आनंद आहे, त्याला १,७०० वरून मिळतात. तुमचा आवाज ऐकून वाटतं तुम्हाला नाही.

विमानवेडा

काका, आरोप मान्य. 😀

पण हिशोबनीस, फी भरण्याआधी एक फोन कराच. कार्ड बंद करायचंय म्हणून सांगा. कधी फी माफ करतात, कधी खर्चाच्या अटीवर परत देतात, कधी थोडे पॉइंट देतात, कधी "ठीक आहे" म्हणून बंद करतात. शेवटच्यासाठी मनाची तयारी ठेवून फोन करायचा.

नियमपुस्तिका (कोल्हापूर)

उशिरा आलो. बंद करायची वेळ आलीच तर क्रम लक्षात ठेवा. आधी माइल्स वापरा किंवा वळवा, कारण कार्ड बंद झाल्यावर ते हाती लागतील असं धरू नका. ॲटलसवर वळवायला वार्षिक मर्यादा आहेत, भागीदार कंपन्यांच्या एका गटाला ३०,००० माइल्स, दुसऱ्याला १,२०,०००. सिंगापूर एअरलाइन्स पहिल्या गटात, एअर इंडिया दुसऱ्यात. तुमच्या १२-१३ हजारांना कुठेच अडचण नाही. मग ओटीटी, विमा वगैरे जे काही या कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापलं जातं ते दुसरीकडे हलवा. मग थकबाकी शून्य करा. मग लेखी विनंती, ईमेलनं. फोनवरचं कोणी कबूल करत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर विनंतीपासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं तर बंद होईपर्यंत बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. मी एका बँकेला (नाव नको) हा नियम ईमेलमध्ये परिच्छेदासकट चिकटवला होता. तोवर रोज मला आणखी चांगली ऑफर सांगणारी बाई फोन करायची. दुसऱ्या दिवशी कार्ड बंद.

हिशोबनीस

हे सोन्यासारखं. सोमवारी फोन करतो. फी माफ झाली तर ठेवेन, अर्धी झाली तर बायकोला विचारेन.

वऱ्हाडी_ठसका

म्हणजे बंदच होणार.